मानखुर्दच्या इमारतीत राहून समुदाय विकास शिकताना

वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेत मी बरीच वर्षं होते. बालवाडी, बचत गट, किशोरवयीन मुलींचे गट, रेशनकार्डाचे अर्ज, पोरांचे शाळाप्रवेश, जे पुढ्यात येईल ते. गोवंडी-शिवाजीनगरच्या गल्ल्या मला प्लॉट नंबरासकट पाठ होत्या. पण समन्वयकाची जागा निघाली की जाहिरातीतली पहिली अट ठरलेली: समाजकार्य किंवा समुदाय विकास या विषयात पदव्युत्तर पदवी. माझ्याकडे मराठी माध्यमातलं बी.ए. होतं. नव्याने आलेल्या मुलींना वस्ती मी दाखवायचे आणि वर्षभरात माझ्या प्रवासखर्चावर सही करायला त्याच बसलेल्या असायच्या. त्यांचा राग मला कधी आला नाही, कारण मला न येणारी एक गोष्ट त्यांना येत होती. एखादीचा बचत गटाचा हप्ता का थकलाय हे मला तिच्या दारात उभं राहिलं की कळायचं. पण तेच देणगीदाराला किंवा वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांना पटेल असं कागदावर उतरवायचं म्हटलं की माझा हात थांबायचा. पगार वाढावा हे एक कारण होतंच, हे दुसरं.

देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. चर्चगेटला निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय आहे. पण नियमित अभ्यासक्रमाला दिवसभर हजर राहावं लागतं आणि नोकरी सोडणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून ऑनलाइन पदवी. घरच्यांनी, सहकाऱ्यांनी, सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: वस्तीचं काम मोबाइलवर कसं शिकणार? प्रश्न रास्त होता, आणि दोन वर्षं तो माझ्यासोबत राहिला.

आधी मान्यतेचं सांगते, कारण यात पैसे बुडालेले लोक मी पाहिले आहेत. रेल्वे स्टेशनच्या भिंतींवर ‘एका वर्षात डिग्री’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात. तिकडे वळू नये. दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये तसं पुन्हा स्पष्टही केलं. पण मान्यता तपासताना नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून चालत नाही. आपण घेतोय तोच अभ्यासक्रम, त्याच शैक्षणिक वर्षासाठी, आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते पाहायचं. या नियमांत फ्रँचायझीला परवानगी नाही, त्यामुळे ‘आमच्या सेंटरमधून प्रवेश घ्या, परीक्षेचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याला फी देऊ नये. आता प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे याच दूरस्थ शिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो आणि त्यासाठी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेली श्रेयांकं ऑनलाइन जमा राहतात ते) खातं लागतं. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर हे सगळं तिथेच अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी सांगायच्या आहेत. रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ध्वनिचित्रित व्याख्यानं, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. सत्रातल्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के गुण, उरलेले सत्राअखेरच्या परीक्षेला. शिवाय क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत करायचं काम, आणि शेवटी प्रबंध. व्याख्यानं मी हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात ऐकायचे. वाचन रात्री, ओट्यावरची भांडी आवरल्यावर. सगळं साहित्य इंग्रजीत होतं आणि सुरुवातीला एकेक पान जड जायचं. मग मी एक पद्धत धरली. संध्याकाळी भाजी निवडताना त्या दिवशीचं प्रकरण नणंदेला मराठीत सांगायचं. तिने दहावीनंतर शिक्षण सोडलेलं आहे, पण चार मोठ्या घरी स्वयंपाकाला जाते आणि बोलण्यातली पोकळी तिला लगेच दिसते. ‘वहिनी, हे तुम्ही नुसतं वाचून दाखवताय,’ असं ती म्हणाली की मी ते प्रकरण परत वाचायचे.

पहिल्या सत्राचा इतिहास गावांचा होता. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, ५५ प्रकल्पांपासून. त्याआधी १९४८ मध्ये उत्तर प्रदेशात इटावा इथे अल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुविशारदाच्या पुढाकाराने पथदर्शी प्रकल्प झाला होता. मग १९५७ ची बलवंतराय मेहता समिती. हा कार्यक्रम सरकारचाच राहिला, लोकांचा झाला नाही. तो लोकांचा करायचा असेल तर निवडून आलेल्या संस्थांच्या हाती अधिकार द्या, हे त्या समितीच्या म्हणण्याचं सार. त्यातून पंचायत राज उभं राहिलं, आपल्याकडे १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला. हे वाचताना माझ्या मनात सतत आमच्या संस्थेचे अहवाल येत होते. ‘लोकसहभाग’ या रकान्यात आम्ही काय लिहायचो? सभेला आलेल्यांचा आकडा.

शहरांबद्दल मात्र साहित्यात थोडंच होतं. १९५८ चा दिल्लीचा नागरी समुदाय विकास प्रकल्प, १९६७ चा हैदराबादचा, आणि पुढे थेट योजनांची नावं. मुंबई जवळजवळ नव्हतीच. त्याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, आजोबा गिरणीत. त्या भागात हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेलं होतं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं. परळच्या दामोदर नाट्यगृहात आम्ही लहानपणी नाटकं पाहिली ते लीगचंच, हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. त्याच्याही आधी, १९०६ मध्ये, महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन मुंबईतच सुरू केलं.

आणि नागपाडा. लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (१८८४) आणि शिकागोच्या हल हाउसपासून (१८८९) निघालेली एक परंपरा आमच्या अभ्यासात होती: शिकलेल्यांनी गरीब वस्तीत जाऊन राहायचं, शेजारी व्हायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं. ती मुंबईत आणली अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी, १९२० च्या दशकात, नागपाडा नेबरहूड हाउस काढून. तिथल्या अनुभवातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं, आजची देवनारची संस्था. म्हणजे या देशातलं समाजकार्याचं औपचारिक शिक्षण भायखळ्याच्या बाजूच्या एका मोहल्ल्यातून उभं राहिलं. हे मी असाइनमेंटमध्ये लिहिलं तेव्हा शिक्षिकेने शेरा दिला: ‘तिथे लोक बाहेरून येऊन शेजारी झाले. तुम्ही आधीच शेजारी आहात. त्याने काय बदलतं?’ क्षेत्रकार्यासाठी स्वतःचीच वसाहत निवडायची, हे मी त्या एका ओळीवर ठरवलं.

आमची वसाहत म्हणजे मानखुर्दमधली एक पुनर्वसन वसाहत. सात मजली इमारती, २२५ चौरस फुटांची घरं, दोन इमारतींमध्ये चिंचोळी हाउसगल्ली. माझं सासर आधी हार्बरच्या रुळालगत झोपडीत होतं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रुळांपासून तीस फुटांच्या आतल्या झोपड्या हटवायच्या होत्या. त्या एका प्रकल्पात साधारण एक लाख माणसं हलवली गेली. मी लग्न होऊन आले ती थेट इमारतीत. त्यामुळे रुळाच्या गोष्टी मी ऐकलेल्या होत्या, जगलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या सत्रात शेरी अर्नस्टीन यांची शिडी शिकवली. १९६९ साली त्यांनी लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मग माहिती देणं, मत विचारणं, असं चढत चढत वरच्या पायरीवर निर्णयच लोकांच्या हाती. असाइनमेंट होती: आपल्या माहितीतला एक प्रकल्प या शिडीवर कुठे बसतो ते दाखवा. मी आमचं पुनर्वसन घेतलं आणि सासूबाईंपासून सुरुवात केली.

सासूबाई या विषयावर कधी सलग बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी सांगितलं की झोपड्यांची मोजणी झाली तेव्हा दारावर नंबर टाकायला बायकाच फिरत होत्या. स्पार्क ही संस्था, महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांचं जाळं आणि झोपडीवासीयांचा महासंघ, यांचं ते काम. बचत करणाऱ्या बायका स्वतः घरं मोजायच्या, नकाशा काढायच्या, कोण किती वर्षं राहतंय ते वहीत उतरवायच्या. ‘साहेबाला आमची गल्ली कळत नव्हती, आम्ही त्याला शिकवली,’ असं म्हणताना त्या ताठ बसल्या होत्या. २००० साली रेल्वेने हार्बरलगतच्या झोपड्या पाडल्या ते दिवसही त्यांनी सांगितले. तो भाग इथे लिहीत नाही. पण इमारतीचा आराखडा, खिडकी कुठे, संडास कुठे, लिफ्टचं बिल कोण भरणार, हे विचारायला कोणीही आलं नव्हतं. कोण कोणत्या मजल्यावर जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. रुळाशेजारी वर्षानुवर्षं एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बायका वेगवेगळ्या इमारतींत गेल्या. एकाच प्रकल्पात मोजणी शिडीच्या वरच्या पायऱ्यांजवळ होती आणि आराखडा अगदी तळाशी. याच प्रकल्पाबद्दल २००४ मध्ये बाधित लोकांनी जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे (बँक पैसे देते त्या प्रकल्पांच्या तक्रारी ऐकणारं मंडळ) तक्रारी नेल्या होत्या आणि २००६ मध्ये बँकेने काही काळ पैसे थांबवले होते, हे मला अभ्यासामुळे कळलं. इमारतीतल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. मी ते पॅसेजमध्ये सांगितलं तेव्हा लोकांनी मला तीन-तीनदा तेच सांगायला लावलं.

क्षेत्रकार्याची सुरुवात नकाशाने केली. विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली लोकसहभागी पद्धत, आपल्याकडे १९९० च्या सुमारास मायराडा, आगाखान ग्रामीण कार्यक्रम अशा संस्थांनी गावागावांत वापरलेली. जमिनीवर, रांगोळीने, लोकांनी स्वतः आपला नकाशा काढायचा. गावात अंगण असतं. आम्हाला गच्ची हवी होती, पण गच्चीची चावी सेक्रेटरींकडे आणि ती काही निघेना. मग तळमजल्याच्या पॅसेजमध्ये बसलो. लोक येता-जाता रांगोळी ओलांडत होते, थांबत होते, बोट दाखवत होते. बंद गच्चीपेक्षा ते फार बरं झालं.

पुरुषांनी काढलं ते गेट, पानटपरी, मंडळाचं कार्यालय, गाड्या लावायची जागा. बायकांनी पंपाची खोली काढली, बंद लिफ्ट काढली, तिसऱ्या आणि चौथ्या माळ्यामधला दिवा नसलेला जिन्याचा टप्पा काढला. कॉलेजच्या मुलींनी तोच टप्पा काढला आणि त्यावर काळ्या कोळशाने गोल केला. म्हाताऱ्यांनी इमारतीच्या आत काहीच काढलं नाही. त्यांनी बाहेरचा कट्टा काढला, जिथपर्यंत लिफ्ट बंद असल्यामुळे त्यांना रोज उतरता येत नव्हतं. आणि सगळ्यांच्या नकाशात एक जागा होतीच. हाउसगल्ली. कचऱ्याने भरलेली.

हाउसगल्लीबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. आमच्यासारख्या वसाहती पाहायला लोक येतात आणि खिडकीतून पडणारा कचरा पाहून म्हणतात, झोपडपट्टीची सवय जात नाही यांची. अधिकाऱ्यांच्या तोंडून हे मी ऐकलंय, कार्यकर्त्यांच्याही. अभ्यासक्रमात आम्हाला शिकवलं होतं की ‘सवय’ हे उत्तर आलं की तिथेच थांबू नका, दिवसाचं वेळापत्रक मांडा. मांडलं. आमच्या इमारतीतल्या कितीतरी बायका घरकामाला चेंबूर, वाशी, देवनारच्या सोसायट्यांमध्ये जातात. सकाळी साडेसहाला बाहेर. कचऱ्याची गाडी गेटवर यायची नऊनंतर. तेव्हा घरात असायची ती म्हातारी माणसं आणि लहान पोरं. लिफ्ट बंद. सातव्या माळ्यावरून गुडघे धरून ओला कचरा खाली कोण नेणार? संध्याकाळी बाई परत येईपर्यंत पिशवी फुटलेली असते, २२५ फुटांत वास कोंडतो, खिडकी समोरच असते. या बायका दिवसभर दुसऱ्यांच्या घरातला कचरा सुका-ओला वेगळा करून ठेवतात. सवयीचा प्रश्नच नव्हता.

हे कागदावर आल्यावर पुढचं आपोआप सुचलं असं नाही, पण बोलणं बदललं. एकमेकींच्या मजल्यावर बोट दाखवणं कमी झालं. शेवटी ठरलं ते असं: इमारतीतल्याच दोघी बहिणी सकाळी सहाला प्रत्येक माळ्यावरून कचरा उचलतील आणि घरटी ठरावीक रक्कम त्यांना मिळेल. रक्कम बायकांनी भिशीच्या धर्तीवर ठरवली, माळ्यामागे एकीने गोळा करायची. पहिल्या महिन्यात दोन माळ्यांनी पैसे दिले नाहीत. त्या माळ्यांचा कचराही बहिणींनी उचलला, आणि त्या दोघींनी तसं का केलं हे मी विचारलं तेव्हा मोठी म्हणाली, ‘ताई, खाली पडला तर आमच्याच खिडकीखाली पडतो ना.’ त्या पहिल्या माळ्यावर राहतात.

जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत आम्हाला एका पूर्ण सत्रात होती: वस्तीत काय नाही याची यादी नंतर करा, आधी काय आहे ते मोजा. मी कागद घेऊन दारोदार गेले. तुम्हाला काय येतं, एवढंच विचारायचं. प्लंबर, शिंपी, दोन अंगणवाडी मदतनीस, ढोल-ताशा पथकाचा हिशेब ठेवणारी मुलगी, बिर्याणीच्या मोठ्या ऑर्डरी करणाऱ्या चाची, आणि बेस्टच्या वीज विभागातून निवृत्त झालेले एक काका. जिन्यातले दिवे वर्षानुवर्षं बंद होते आणि काका त्याच जिन्याने चढत-उतरत होते. ‘काका, तुम्ही कधी बोलला नाहीत?’ तर म्हणाले, ‘कमिटीचं काम आहे, आपण कशाला हात लावा. आणि मला विचारलंय कोणी?’ कमिटीला पत्र दिलं, वायर आणि दिव्यांचे पैसे माळ्यांनी काढले, काकांनी दोन पोरांना हाताशी घेऊन काम केलं. मुलींनी कोळशाने गोल केलेला तो टप्पा आधी उजळला. काकांनीच तो क्रम ठरवला होता.

याच टप्प्यावर चर्चासत्रात माझं गडचिरोलीच्या एका सहाध्यायीशी कडाक्याचं बोलणं झालं, आणि ऑनलाइन वर्गाचं खरं देणं मला तिथे कळलं. तो मेंढा-लेखा गावाच्या जवळपास काम करतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. गावसभेत सर्वसहमतीने निर्णय, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला सामूहिक हक्क, बांबूवरचा अधिकार. त्याचं म्हणणं होतं की तुम्ही दिवे लावले, कचरा उचलला, पण हे तर यंत्रणेचं काम तुम्ही स्वतःच्या खिशातून केलं, हक्काचं काय? जॅक रॉथमन यांनी १९६८ मध्ये समुदायकार्याचे तीन प्रकार मांडले होते, स्थानिक विकास, सामाजिक नियोजन आणि सामाजिक कृती. तो म्हणाला, तुम्ही पहिल्यातच बसून राहिलात. मी म्हटलं, तुझ्याकडे सगळं गाव एका झाडाखाली बसतं. आमचा एम-पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा महापालिकेचा वॉर्ड २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, पण एका समितीखाली इतकी माणसं असताना सातव्या माळ्यावरची बाई तिथे पोहोचते कशी? आणि मार्च २०२२ नंतर तर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. वाद मिटला नाही. पण त्याने विचारलेलं मला पुरलं. आमची ‘गावसभा’ कोणती? उत्तर समोरच होतं: सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा.

मग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० वाचायला घेतला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. या कायद्याप्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, उपविधी (सोसायटीचे नियम), सभेची इतिवृत्तं पाहता येतात. समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव. आमच्याकडे त्या दोन जागांवर नावं होती, पण त्या दोघींनाच आपण समितीत आहोत हे नीट ठाऊक नव्हतं. पुनर्वसनाच्या योजनांत देखभालीसाठी घरामागे ठेव ठेवलेली असते. झोपडपट्टी पुनर्वसनात ती कित्येक वर्षं घरटी २०,००० रुपये होती. आमच्या ठेवीचं व्याज कुठे जातं, लिफ्ट बंद का, याचा हिशेब कुणी मागितलेला नव्हता. कलमं मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पॅसेजच्या भिंतीवर लावली.

स्वतःच्याच इमारतीत अभ्यास करण्याची एक अडचण पुस्तकांत तितकीशी येत नाही. पुनर्वसनातली घरं ठरावीक वर्षं विकता येत नाहीत, तरी काही घरांत मूळ माणसं राहत नाहीत. कोण भाड्याने आहे हे शेजारी म्हणून मला माहीत असतं. विद्यार्थिनी म्हणून तेच मी नोंदवलं आणि कागद चुकीच्या हातात गेला, तर एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ शकतं. नमुना अर्जात घर क्रमांकाचा रकाना सक्तीचा होता. मी विद्यापीठाला लिहिलं, कारण दिलं आणि फक्त माळा नोंदवायची परवानगी मिळवली. भाडेकरू बायका सभेला यायला घाबरायच्या. त्यांच्याशी बोलणं पाण्याच्या वेळेला, दारात, वहीशिवाय झालं. कचऱ्याचे पैसे सगळ्यात नियमित त्याच देतात.

विद्यापीठाकडून क्षेत्रकार्याला मार्गदर्शन म्हणून मिळाले ते व्हिडिओ कॉल आणि भरायचे तक्ते. इथे माझी तक्रार ठाम आहे. सभा कशी घेतली हे कॅमेऱ्यावर सांगता येतं, दाखवता येत नाही. नियमांत स्थानिक मार्गदर्शक घ्यायची सोय होती, पण ती शोधायची ज्याची त्याने. चेंबूरला राहणाऱ्या, समाजकार्य शिकवून निवृत्त झालेल्या एका मॅडमना मी विनंती केली आणि त्या आल्या. पॅसेजमध्ये सतरंजीच्या कडेला बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या, ‘निळ्या साडीतली ती बाई दोनदा बोलायला पुढे झाली होती. पुढच्या वेळी तिच्या शेजारी बस.’ पुढच्या वेळी बसले. ती बाई म्हणजे राखीव जागेवर नाव असलेल्या दोघींपैकी एक. ऑनलाइन पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने असं एक माणूस आधी शोधावं, मग फी भरावी.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवून परीक्षा होते. खोलीत दुसरं कोणी नको, आवाज नको. २२५ फुटांत पाच माणसांच्या घरात हे कसं जमवायचं याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नाही. प्रत्येक पेपरला शेजारच्या काकूंनी आपलं घर मोकळं करून दिलं, स्वतः नातवाला घेऊन आमच्याकडे येऊन बसल्या. त्यांचा कुकर त्या दिवशी दुपारी लागायचा. विद्यापीठांनी परीक्षेसाठी शहरात केंद्रं द्यायलाच हवीत. ज्यांना नियमित शिक्षण परवडत नाही त्यांच्यासाठी ही वाट आहे, आणि अशांच्या घरात रिकामी खोली नसते.

प्रबंध इंग्रजीत गेला. त्याआधी तो मी मराठीत आणि थोडा हिंदीत पॅसेजमध्ये वाचला, कारण माहिती लोकांची होती. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या. एक रुळाच्या काळातल्या नळांबद्दल होती, सासूबाईंनीच सांगितलेली. दुसरी जास्त महत्त्वाची होती: मी ‘महिलांनी पुढाकार घेतला’ असं लिहिलं होतं, तर सहाव्या माळ्यावरची एक भाभी म्हणाली, कोणत्या महिलांनी ते लिहा, सगळ्या नव्हत्या. तसं लिहिलं.

पदवी मिळाली, आणि दुसऱ्या एका संस्थेत समन्वयकाची जागाही. आता माझ्यापुढे नव्या मुली येतात तेव्हा मी त्यांना आधी वेळापत्रक मांडायला लावते, अहवाल नंतर. इमारतीत लिफ्ट अजून बंद आहे. सप्टेंबरच्या सभेला या वेळी पॅसेज पुरला नाही, गच्चीची चावी आली. राखीव जागांवर दोघी नव्याने आल्या, त्यातली एक ती निळ्या साडीतली. ठेवीचा आणि व्याजाचा हिशेब मिळावा म्हणून सहकारी कायद्याचा आधार देऊन तिच्या सहीने अर्ज गेलाय. पोच तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली आहे. उत्तर वेळेत आलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जायचं, त्याचा मसुदा गडचिरोलीचा तो सहाध्यायी तपासून देतोय.